एका मतानं काय होतंय?

सोमवार, 20 मे 2024. मुंबईत लोकसभेचं मतदान. शनिवार-रविवारला चिकटून आलेला सोमवार, त्यात भरपगारी सुट्टी आणि आंब्याचे दिवस. दैवानं एवढं जुळवून आणल्यावर लोणावळ्याला न जाणं म्हणजे शुद्ध करंटेपणा. 'एका मतानं काय होतंय?' हा सवाल सुजाण मतदार करतो तो बहुधा एक्स्प्रेसवेच्या टोलनाक्यावर. उत्तराची त्याला घाई नसते.

उत्तर 4 जूनला आलं. मुंबई वायव्य म्हणजे अंधेरी, वर्सोवा, गोरेगाव, जोगेश्वरी, दिंडोशीचा भाग. यंत्रांतली मतं मोजून झाली तेव्हा उद्धवसेनेचे अमोल कीर्तिकर 4,51,095 आणि शिंदेसेनेचे रवींद्र वायकर 4,51,094. एका मताची आघाडी! मग टपाली मतं धरली. वायकरांना 1,550, कीर्तिकरांना 1,501. बेरीज-वजाबाकी होऊन वायकर 48 मतांनी खासदार झाले. टपाली मतं कुणाची असतात? निवडणुकीच्या कामाला जुंपलेले कर्मचारी, सीमेवरचे जवान, घरून मत देणारे पंचाऐंशीच्या पुढचे आजी-आजोबा. ज्यांना केंद्रापर्यंत जाता येत नव्हतं त्यांची मतं बरोबर पोचली. ज्यांच्या दारात दोन-दोन गाड्या उभ्या, त्यांची वाटेत कुठं अडकली ते खंडाळ्याच्या घाटाला ठाऊक.

या मतदारसंघात साडेसात लाखांहून अधिक लोक फिरकलेच नाहीत. आणखी पंधरा हजारांवर लोक आले, रांगेत घाम गाळला आणि 'नोटा' दाबून घरी गेले. अठ्ठेचाळीस माणसं एका लक्झरी बसमध्ये मावतात. कीर्तिकर हायकोर्टात गेले, डिसेंबरमध्ये याचिका फेटाळली गेली. बसमधल्या प्रवाशांनी मात्र अजून कुठंही दाद मागितलेली नाही.

सुजाण मतदाराच्या बाजूनंही बोलणारे आहेत, आणि साधेसुधे नव्हेत. अँथनी डाउन्स या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं 1957 मध्येच हिशेब मांडला होता. आपल्या एका मतानं निकाल फिरण्याची शक्यता इतकी क्षीण, की केंद्रापर्यंत चालत जाण्याचे श्रमसुद्धा वसूल होत नाहीत. हिशेबात चूक काढता येत नाही. 2024 च्या विधानसभेत शिरपूरला भाजपचे काशीराम पावरा 1,45,944 मतांनी निवडून आले. तिथं एखाद्यानं मत दिलं काय आणि शेतात निंदणी केली काय, सारखंच. पण मालेगाव मध्यला मुफ्ती इस्माईल 162 मतांनी आले, आणि साकोलीत नाना पटोले 208 मतांनी वाचले. आपला मतदारसंघ शिरपूर निघणार की साकोली, हे मतमोजणीच्या आदल्या दिवशी डाउन्ससाहेबही सांगू शकले नसते.

राजस्थानच्या सी. पी. जोशींना विचारा. 2008 मध्ये ते प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष, मुख्यमंत्रिपदाचे दावेदार. नाथद्वारात त्यांना मतं पडली 62,215 आणि समोरच्या कल्याणसिंह चौहानांना 62,216. जोशींच्या घरच्याच काही मंडळींनी मतदान केलं नव्हतं, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. राज्यभर सभा घ्यायच्या आणि घरात कुणी 'चला' म्हणायचं नाही, हे आपल्याकडे कुठल्याही पक्षात शोभेल. मुख्यमंत्री झाले अशोक गेहलोत.

गिरगावात तर 2017 मध्ये महापालिकेच्या प्रभाग 220 मध्ये भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर दोघांनाही 5,946 मतं पडली. चिठ्ठ्या टाकल्या, एका लहान मुलीनं चिठ्ठी उचलली, शहा नगरसेवक. हजारो सज्ञान मतदारांना जे जमलं नाही ते मतदानाचं वय न झालेल्या पोरीनं क्षणात करून दाखवलं. लोकसभा-विधानसभेसाठी लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 65 तर सांगतं, की ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याला एक मत जादा मिळालं असं समजावं. थोडक्यात, तुम्ही लोणावळ्याला गेलात तर तुमच्या जागी कागदाचा कपटा मतदान करतो.

अर्थात मत द्यायचंच म्हटलं तरी दर वेळी देता येतं असं नाही. 2024 मध्येच गुजरातमध्ये गीरच्या जंगलातल्या बाणेजला एकट्या महंतांसाठी अख्खं पथक यंत्र घेऊन गेलं. त्याच गुजरातेत सुरतच्या सोळा लाखांहून अधिक मतदारांसाठी एकही केंद्र उघडलं नाही. काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली, मुकेश दलाल बिनविरोध! आपल्याकडे उमराणे गावची मंडळी याहून रोखठोक. तिथं सरपंचपदाची बोली 2 कोटी 5 लाखांवर गेली, पैसे देवळाच्या बांधकामाला. नंदुरबारच्या खोंडामळीत 42 लाख. राज्य निवडणूक आयोगानं जानेवारी 2021 मध्ये दोन्हीकडच्या निवडणुका रद्द केल्या. एका मतानं काही होत नाही, असं बोली लावणाऱ्यांना कधीच वाटत नाही. पाकिटं वाटणाऱ्यांनाही नाही. ते याद्या घेऊन दारोदार फिरतात आणि कोण गावाला गेलंय ते त्यांना पाठ असतं.

आणि 2019 च्या विधानसभेला ज्यानं निष्ठेनं मत दिलं, त्याचं मत पुढं पाच वर्षांत पहाटेच्या शपथविधीला, महाविकास आघाडीत, सुरत-गुवाहाटीला आणि शेवटी महायुतीत जाऊन आलं. एवढा प्रवास लोणावळ्याला गेलेल्यांचासुद्धा झाला नाही.

तेव्हा वाचकहो, पुढच्या निवडणुकीआधी यादीत आपलं नाव आहे का तेवढं बघून ठेवा. नवीन नावासाठी नमुना 6, पत्ता बदलला असेल तर नमुना 8. मतदानाच्या दिवशी सकाळी केंद्रावर जाऊन आरडाओरडा करण्यासाठी आयोगानं अजून कुठलाही नमुना काढलेला नाही.