हातोड्याची दाद

‘स्टँड-अप स्पेशल म्हणजे रे काय?’ शेजारच्या काकांनी विचारलं. म्हटलं, एक माणूस उभा राहून तासभर सगळ्यांची सालटी काढतो आणि लोक हसतात. काका म्हणाले, ‘मग त्यात स्पेशल काय? आमच्या पडवीत हे बसल्या बसल्या होतं.’

खरंच की! बसून केल्या तर चकाट्या, उभं राहून केल्या तर तिकीट.

रत्नागिरीला हे शिकवायला जाऊ नये. पुलंचा अंतू बर्वा इथल्या मधल्या आळीतला. गावात वीज आली, तर आमचं दारिद्र्य बघायला दिवा कशाला, असा त्याचा हिशेब. गांधी, नेहरू, कोणीही त्याच्या तावडीतून सुटलं नाही. ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आज अंतूशेठना आधी समन्स मिळालं असतं, पुरस्काराचं मागाहून बघितलं असतं.

मार्च २०२५ मध्ये विनोदवीर कुणाल कामराचा ‘नया भारत’ हा स्पेशल आला. त्यात एक विडंबनगीत होतं. एकनाथ शिंदे यांचं नाव त्यात नव्हतं. तरी त्यांच्या शिवसैनिकांनी खारचा हॅबिटॅट स्टुडिओ फोडला.

नाव न घेता माणूस ओळखला गेला. कवीला आणखी काय हवं?

दुसऱ्या दिवशी महापालिकेचं पथक हातोडे घेऊन हजर. कारण? अनधिकृत बांधकाम! गाणं गाजलं की बांधकाम अनधिकृत होतं, हे इंजिनिअरिंगच्या कितव्या वर्षाला शिकवतात?

तोडफोड करणाऱ्यांना अटक झाली आणि त्याच दिवशी जामीनही मिळाला. कामराला अटकेपासून वाचायला मद्रास उच्च न्यायालय गाठावं लागलं. विनोद करणाऱ्यापेक्षा खुर्च्या मोडणाऱ्यांचं टायमिंग सरस.

बरं, यात सोवळं कोण? १९९६ साली महाराष्ट्रभूषण स्वीकारताना पुलंनी युतीच्या राज्यकर्त्यांना चार शब्द सुनावले, तेव्हा बाळासाहेब ठाकरे भडकले होते. २०२५ मध्ये उद्धव ठाकरे म्हणाले, कामरा चुकीचं काही बोलला नाही. विनोदबुद्धी घराण्यात येते, फक्त सत्ता गेल्यावर येते.

टीव्हीवर मात्र सगळं कसं शांत. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ २०१८ पासून सुरू आहे. ओंकार भोजने, प्रभाकर मोरे या कोकणच्या मंडळींनी आमचा हेल पार नागपुरापर्यंत पोचवला. मजा येते, खोटं कशाला बोला? पण धुलाई कोणाची, तर बायकोची, सासऱ्याची, शेजाऱ्याची. चुकून एखादा आमदार आलाच, तर तो कोणत्या पक्षाचा हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.

त्यापेक्षा आमचा नमनाचा खेळ बरा. शिमग्यात संकासुर कोणाचीही फिरकी घेतो. गुन्हा नोंदवणार कोण? हवालदार पुढच्याच रांगेत बसून हसत असतो.

तशी नको असलेल्या माणसांची सोय लावण्यात रत्नागिरी जुनीजाणती. मंडालेचा थिबा राजा इंग्रजांनी इथे आणून ठेवला आणि इथे जन्मलेल्या टिळकांना १९०८ साली लेखांपायी शिक्षा ठोकून मंडालेला धाडलं. सावरकर तेरा वर्षं इथेच स्थानबद्ध. पुढचा नंबर विनोदवीरांचा असेल तर थिबा राजवाडा आहेच. खाडी दिसते, वाराही छान.

एक सूचना मात्र आहे. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालूच आहे. पुढचा स्पेशल तिथेच करा. संगमेश्वरच्या आसपास, एखाद्या अर्धवट पुलाखाली. मंत्र्यांवर एकच गाणं म्हणा, झोंबेल असं. दुसऱ्या दिवशी सरकारी माणसं हातोडे घेऊन पोचतीलच.

तेवढं त्यांना परत जाऊ देऊ नका. खडी तिथेच पडलेली आहे.