माझं कुणीतरी चोरा हो!

आपला चित्रपट कुणी चोरेल या भीतीने बहुतेक निर्मात्यांची झोप उडते. मुक्तरावांची उडते ती कुणी चोरत नाही म्हणून.

मुक्तराव हे नाव नव्हे, जात समजा. पुण्यात ही जात भरपूर, अंधेरीत तुरळक, कोल्हापुरातही एखादा सापडतो. ‘तुमची फिल्म कुठे बघायला मिळेल?’ असं सहज विचारावं, तर खिशातून हार्ड डिस्क काढून आपल्या हातात ठेवतात. ‘कॉपी करून घ्या. चार जणांना द्या. नाही आवडली तर कापा, जोडा, तुमची नवी करा!’ तासाभरात डिस्क परत करायला जावं तर म्हणतात, ‘एवढ्यात? काही कापलंत का?’

फिल्म पडक्या वाड्यावर आहे. या मंडळींची फिल्म पडक्या वाड्यावरच असते; भाडं पडत नाही. संवाद कमी, कबुतरं जास्त. मात्र शेवटची श्रेयनामावली चुकवू नये. पावसाचा आवाज फिनलंडच्या कुणा सद्गृहस्थाचा, सतार बर्लिनमधल्या कुणा बाईंची, देवनागरी अक्षरं मुंबईच्या ‘एक टाइप’वाल्यांनी सगळ्यांना खुली करून दिलेली. सगळं फुकट, पण प्रत्येकाचं नाव. हा नियम घरीही चालतो. त्यांच्या पोह्यांना नावाजलंत तर ‘मूळ कृती मावशीची, कांदा वहिनींच्या सूचनेवरून वाढवला, शेंगदाणे माझे,’ एवढं ऐकल्याशिवाय दुसरा घास मिळत नाही. शेजारच्या काकूंना लोणच्याची कृती देताना त्यांनी अट घातली, की यात फेरफार करून जे कराल त्याची कृतीही तुम्ही अशीच खुली ठेवायची. काकू कैऱ्या घेऊन आल्या होत्या, त्या कैऱ्या घेऊन परत गेल्या. मुंजीच्या आहेरात हे पाकिटाऐवजी पेन ड्राइव्ह देतात. त्यात ‘बिग बक बनी’, म्हणजे 2008 साली ‘ब्लेंडर’ या अ‍ॅनिमेशन सॉफ्टवेअरवाल्यांनी कच्च्या फायलींसकट जगाला वाटून टाकलेला तो ढोल्या सशाचा चित्रपट. बटू खूश, बटूचा बाप विचारात.

त्यांचं खरं रूप पाहायचं तर ‘सीता सिंग्ज द ब्लूज’चा विषय काढावा. मग मुक्तराव कीर्तनकारासारखे उभे राहतात. पूर्वरंगात नीना पेली ही अमेरिकन बाई घरच्या संगणकावर एकटीने सीतेची गोष्ट चितारते आणि सीतेच्या तोंडी 1920 च्या दशकातली अ‍ॅनेट हॅनशॉची गाणी घालते. उत्तररंगात हक्कवाले येतात. ध्वनिमुद्रिकांची अडचण नसते, पण गाण्यांच्या रचनेचे हक्क जिवंत असतात आणि ते सोडवायला सुमारे 50 हजार डॉलर लागतात. या आकड्यावर मुक्तरावांचा गळा दाटतो. ‘आणि एवढं करून बाईंनी काय केलं? चित्रपट लोकांना देऊन टाकला! 2013 साली तर उरलेसुरले हक्कही सोडले!’ ‘मग त्यांचे पैसे निघाले कसे?’ असा प्रश्न कुणीतरी विचारतंच. मुक्तराव वेटरला हाक मारतात. चहाचे पैसे आपणच देतो.

दर 1 जानेवारीला हे पहाटे उठून साठ वर्षांपूर्वीच्या चित्रपटांची यादी काढतात. आपल्या कायद्यात चित्रपटाचे हक्क प्रदर्शनानंतर 60 वर्षांनी सुटतात. पूर्वी ही मुदत 50 होती, रवींद्रनाथांच्या लेखनाचे हक्क सरायला आले तेव्हा ती वाढवली गेली. ‘प्रभात’चा 1936 चा ‘संत तुकाराम’ असाच कधीचा मोकळा झालेला आहे. पण हक्क सुटले म्हणून प्रत हाती येते असं नाही. फाळक्यांचा 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ आज कुणाच्याच मालकीचा नाही, आणि त्याची सगळी रिळंही आज कुणाकडेच नाहीत. हे सांगताना मुक्तराव पहिल्यांदाच गप्प बसतात. मिनिटभर.

एका मुद्द्यावर मात्र मी त्यांच्या बाजूचा. रीमिक्स म्हणजे आजकालच्या पोरांचं उचलेगिरीचं खूळ, असं कुणी म्हणालं की ते जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक पुढे करतात. किर्लोस्करांनी 1880 साली ‘शाकुंतल’ उभं केलं ते साकी-दिंडीपासून कानडी पदांपर्यंत मिळतील तिथून चाली घेऊन. अशा नाटकांच्या छापील प्रतींत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचे शब्द सरळ दिलेले असत. घेतलंय, कुणाचं घेतलंय तेही लिहिलंय, आता ऐका. मुक्तरावांच्या फिल्मच्या खुल्या परवान्याची पानंच्या पानं वाचून मला जे कळलं नव्हतं ते त्या एका ओळीने कळलं.

तर अशा या मुक्तरावांची फिल्म अखेर चोरीला गेली! कुठल्याशा प्री-वेडिंग व्हिडिओत नवरानवरी स्लो मोशनमध्ये धावतात आणि मागे यांची कबुतरं उडतात. मुक्तरावांनी पेढे वाटले. संध्याकाळी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, तर त्यांचं नाव कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी ते परवान्याची छापील प्रत घेऊन त्या स्टुडिओत थडकले. ‘पैसे नकोत रे, फक्त नाव घाल!’ पण त्या पोराला वाटलं, दावा ठोकायला आलेत. त्याने हात जोडले, ‘काका, चुकलं,’ म्हणाला, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत कबुतरं डिलीट केली.

तेव्हा वाचकहो, मुक्तराव भेटले तर त्यांच्या फिल्ममधलं काहीतरी उचलाच. वाडा घ्या, पाऊस घ्या, कबुतरं तर घ्याच. फक्त खाली नाव टाका, आणि त्यांना दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरात टाका.