पावणेतीन किलो काळजी

हरिश्चंद्रगडावर जायचं ठरलं ते एका रविवारी, पोहे खाताना. पोहे संपेपर्यंत नुसतं जायचं ठरलं होतं. चहा येईपर्यंत नानाने मला मोहिमेचा वैद्यकीय प्रमुख करून टाकलं. माझी पात्रता एकच. मागच्या पावसाळ्यात सोसायटीच्या वॉचमनच्या अंगठ्याला लागलं, तेव्हा बँडेडच्या पाठचा कागद मी पहिल्या झटक्यात सोडवला होता.

नाना हा माझा थोरला चुलतभाऊ, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला. धरणाच्या भिंतीवर तीस वर्षं काढल्यामुळे कुठेही गळती लागणारच, या गृहीतावर तो जगतो. बरोबर वहिनी आणि माझा भाचा पिंट्या. आमच्या हिचे पेपर तपासायचे होते, म्हणून ती येणार नव्हती. "फर्स्ट एडचं तेवढं नीट बघ," नाना म्हणाला, आणि मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी औषधाच्या दुकानात उभा राहिलो.

"फर्स्ट एड किट दाखवा."

"कुणाला काय झालंय?" दुकानदाराने चष्म्यावरून विचारलं.

"काही झालेलं नाही. झालंच तर म्हणून."

"मग झाल्यावर या."

पण माझ्या मागे गिऱ्हाईक नव्हतं आणि त्याचा चहा यायचा होता, म्हणून त्याने वरच्या फळीवरून एक हिरवी पिशवी काढली. वर पांढरी फुली आणि 'एकशे एक नग' अशी सोनेरी अक्षरं. आम्ही काउंटरवर नग मोजले. चाळीस चिकटपट्ट्या म्हणजे चाळीस नग. स्पिरिटचे बोळे प्रत्येकी एक नग. बारा सेफ्टी पिना, बारा नग. कान कोरायच्या काड्यासुद्धा सुट्या मोजलेल्या. खरोखर उपयोगी पडेल असं, म्हणजे क्रेप बँडेज, त्यात एकच होतं आणि तेही दोन इंची. ते करंगळी मुरगळलेल्या माणसाला छान बसलं असतं. कात्रीने मी गॉझ कापून बघितलं. ती गॉझला नुसती समजावत होती.

"लाल फुलीवालं नाही का?" मी विचारलं. फुली लाल असली की औषध खरं वाटतं, हा माझा लहानपणापासूनचा समज.

"तुम्ही रेड क्रॉस आहात?" तो म्हणाला. "लाल फुली कुणीही कुठेही लावायची नसते. 1960 चा जिनिव्हा कन्व्हेन्शन्स कायदा आहे त्याला. डॉक्टर लोकसुद्धा गाडीवर लावतात ती चूकच."

आता त्याचा चहा आला होता. एक घोट घेऊन त्याने मला सांगितलं, की असली तयार पेटी पहिल्यांदा अमेरिकेत 1888 साली निघाली, ती जॉन्सन अँड जॉन्सनने रेल्वेच्या कामगारांसाठी काढली. आणि त्याच कंपनीत कापूस खरेदी करणाऱ्या अर्ल डिक्सनची बायको स्वयंपाक करताना सारखं बोट कापून घ्यायची, म्हणून त्याने 1920 मध्ये चिकटपट्टीवर जागोजाग गॉझचे तुकडे बसवून ठेवले. तेच बँडेड. नवऱ्याने स्वयंपाक शिकून घेतला असता तर हा शोध लागलाच नसता, असं मी घरी सांगितलं. घरी कुणी हसलं नाही.

एवढा इतिहास फुकट देऊन दुकानदाराने ते किट मला विकायचंच नाकारलं. "सुटं घ्या," म्हणाला. सहा इंची क्रेप बँडेज दोन, गॉझ, मायक्रोपोर टेप, पोव्हिडोन आयोडीनची छोटी बाटली, हातमोज्यांचे दोन जोड, चिमटा, बरी कात्री. चिकटपट्ट्यांचा एक डबा. सगळं एका खाकी पिशवीत मावलं. इथेच थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पण मी ती पिशवी घरी दाखवली.

आईने आधी ती हुंगली. "ह्यात ओवा नाही," ती म्हणाली. मग ओवा आला, त्यामागून सुंठ, हिंगाची डबी, हळदीची पुडी, कैलास जीवन आणि तिच्या उशाशी असलेलं अमृतांजन. हे अमृतांजन 1893 साली मुंबईत निघालं. खंडाळ्याच्या घाटातल्या जुन्या पुलाला त्याचं नाव पडलं. तो पूलसुद्धा 2020 मध्ये पाडला, पण आईची उशाची बाटली अबाधित आहे. ती घराबाहेर पडली हीच त्या मोहिमेतली खरी ऐतिहासिक घटना.

पिंट्याने घडी घातलेली एक सोनेरी चकचकीत चादर टाकली. थंडीत अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही म्हणे. वहिनींनी ओआरएसची दहा पाकिटं दिली आणि ती द्यायच्या आधी मला पाठ म्हणायला लावलं : 21 ग्रॅमचं अख्खं पाकीट अख्ख्या लिटरभर पाण्यात, अर्ध्या पेल्यात नाही, पाकीट नसलं तर लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. "हसू नका, भाऊजी. 1971 ला बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा झाला, सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिसांनी ह्याच मीठ-साखरेच्या पाण्यावर माणसं जगवली." सगळ्या सामानात ज्याला विरोध करावासा वाटला नाही असं हे एकच सामान.

नानाचा वाटा शेवटी आला. दाढीचं ब्लेड, दोन वाव सुतळी आणि जांभळ्या खड्यांची शिशी. ते पोटॅशियम परमँगनेट होतं. "साप," तो एवढंच म्हणाला. शाळेत स्काउटला असताना शिकवलेलं त्याला तोंडपाठ होतं : सुतळीने करकचून बांधा, ब्लेडने चीर द्या, रक्त ओढून थुंका, वर खडे चोळा.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी ती शिशी उजेडात धरून बघितली, हा ऐवज अजून मिळतो याचं कौतुक केलं आणि तिन्ही वस्तू कचऱ्याच्या टोपलीत टाकल्या. चीर नाही, चोखणं नाही, आवळणं नाही. माणसाला चालवायचं नाही, पाय हलू द्यायचा नाही, धीर द्यायचा आणि थेट दवाखाना गाठायचा.

"मग सापाच्या लसीची बाटलीच बरोबर नेली तर?" नानाने विचारलं.

"बाटली?" डॉक्टर म्हणाले. "सुरुवातच आठ-दहा बाटल्यांनी होते, ती सलाइनमधून शिरेत, आणि त्याचीच रिअॅक्शन आली तर ती निस्तरायची तयारी हवी. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांना ती एकच चालते, म्हणून कुठला होता हे बघायला सापामागे पळायचंही कारण नाही."

नानाने विंचवाकडे मोर्चा वळवला. डॉक्टर खुलले. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून किती जीव वाचवले, ते लान्सेटमध्ये कसं छापून आलं, 2022 ला पद्मश्री कशी मिळाली, हे त्यांनी इतक्या अभिमानाने सांगितलं की नाना म्हणाला, "मग त्या गोळ्या द्या." तीही गोळी रक्तदाब बघत द्यायची असते, चिवड्याच्या डब्यातून वाटायची नसते, असं म्हणून त्यांनी आम्हाला सेट्रिझिन आणि पॅरासिटामॉल लिहून दिलं आणि 108 हा नंबर फोनमध्ये घालायला लावला.

चिवड्याचा डबा त्यांनी उगीच काढला नव्हता. दिवाळीचा रिकामा झालेला पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा मी तपासणीसाठी मांडीवर घेऊन बसलो होतो. घरी आल्यावर डॉक्टरांनी काढलेलं सगळं आईने परत भरलं (ब्लेड सोडून, ते नानाला हवंच होतं, दाढीला). वजन खाली रद्दीवाल्याकडे केलं. त्याने तागडीत डबा ठेवला, काटा स्थिर होऊ दिला आणि म्हणाला, "पावणेतीन. प्लास्टिकच्या भावाने घेईन."

डबा पिंट्याच्या सॅकमध्ये गेला, कारण तो सगळ्यात तरुण. आम्हा सगळ्यांना हे फार शहाणपणाचं वाटलं.

पुढचा प्रवास नेहमीचा. नारायणगावला मिसळ, आळेफाट्याला चहा, कोतुळच्या पुढे रस्ता आणि आमचं संभाषण दोन्ही खडबडीत. पाचनईहून गडावर जायची वाट सगळ्यात सोपी, असं सगळे सांगतात. हे सांगणारे सगळे तिशीच्या आतले असतात. थोडं रान, मग कातळ, रेलिंग, मग अंगावर येणाऱ्या कड्याच्या पोटाखालून जाणारी अरुंद वाट. तिथल्या सावलीत एका आजीचं लिंबूसरबताचं दुकान होतं. पिंट्याच्या टाचेला नव्या बुटाने फोड आणला होता, म्हणून त्याने बाकावर बसून डबा उघडला. फोडावर मायक्रोपोर लावायची, पण फोड यायच्या आधी, जागा नुसती चुरचुरायला लागली की. हे मला त्या दिवशी कळलं, पिंट्याला दुसऱ्या दिवशी.

"डाक्टर हायेत जणू," आजी म्हणाल्या.

"नाही हो आजी, मी बँकेत आहे."

"म्हंजी बँकंचं डाक्टर. गुडघं लई दुखत्यात बघा."

मी त्यांना आईचं अमृतांजन देऊन टाकलं. पुण्यात याचे काय पडसाद उमटतील याची कल्पना असूनही दिलं, यावरून आजींचा चेहरा कसा असेल ते ओळखावं. त्यानंतर डबा बंदच झाला नाही. कॉलेजच्या एका घोळक्यातल्या मुलीचं बोट कांदा चिरताना कापलं होतं. एकाला आपला खरचटलेला कोपर दोन वर्षांनी दाखवायची संधी मिळाली. चिकटपट्टी मागणारा प्रत्येक जण "अजून एक असू द्या" म्हणायचा. हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी पोचेपर्यंत चाळीसपैकी सहा उरल्या आणि माझ्या नावामागे डॉक्टर कायमचं लागलं.

दुपारी पिठलं-भाकरी झाली. डब्याला दोन महिन्यांपूर्वीच्या चिवड्याचा वास होता, तो मुंग्यांनी हेरला, आणि त्यातली एक नानाला चावली. नानाने घाईने सेट्रिझिन घेतली. या गोळीने झोप येते हे पाकिटावर छापलेलं असतं, पण ते वाचायचा चष्मा सॅकच्या तळाशी होता. संध्याकाळी कोकणकड्यावर झाडून सगळे पोटावर पालथे पडून त्या वाटीसारख्या कोरलेल्या, आत वळलेल्या कड्यातून खाली बघत होते. सूर्य कोकणात उतरत होता. नाना, जो केवळ ह्या सूर्यास्तासाठी आला होता, आमच्या मागे वीस पावलांवर उताणा घोरत होता. वहिनींनी त्याला दोनदा हलवलं. "पाणी सोडलं का?" एवढं विचारून तो परत झोपला.

परिणामी रात्री तो टक्क जागा. डिसेंबरची थंडी, तंबूतून वारा. त्याने पिंट्याची सोनेरी चादर पांघरली. ऊब मिळाली असणार, कारण तक्रार आली नाही; पण नाना कूस बदलायचा तेव्हा वेफर्सच्या पाकिटात कुणीतरी पहाटेपर्यंत हात घालतंय असं आम्हा तिघांना वाटत राहिलं.

सकाळी केदारेश्वराच्या गुहेत गुडघाभर बर्फगार पाण्यात उभं राहून चारांपैकी उरलेला एकुलता खांब बघितला आणि उतरायला लागलो. पिंट्या नेहमीप्रमाणे पुढे. वीस मिनिटांत तो दिसेनासा झाला. कातळावरच्या ओढ्यात, जिथे पाणी फक्त ओल धरण्यापुरतं होतं, तिथे माझा पाय शेवाळावर पडला आणि घोट्यातून एक आवाज आला. फार मोठा नाही. मटार सोलताना येतो तेवढा.

"डबा," मी म्हणालो.

आम्ही तिघांनी खालच्या वाटेकडे बघितलं. फोन लागत नव्हता. पावणेतीन किलोंची तरतूद आमच्यापुढे अर्ध्या तासाच्या अंतरावर, सगळ्यात तंदुरुस्त माणसाच्या पाठीवर, तरातरा गाव गाठत होती.

आजींचा नातू पाण्याचे कॅन वर घेऊन चालला होता. बारावीतला असेल. त्याने कॅन खाली ठेवले, बोटं हलवून दाखवायला सांगितली, घोट्याच्या हाडावर दाबून कळ येते का विचारलं. मी बूट काढायला लागलो तर हात धरला. "नका काढू. काढला तर सुजून परत जायचा न्हाई पायात." मग वहिनींची ओढणी मागितली आणि ती बुटावरूनच तळव्याखालून घोट्यामागे, घोट्यामागून तळव्याखाली अशी इंग्रजी आठच्या आकड्यात आवळली. सगळं मिळून दोन मिनिटं. दर रविवारी दोन-तीन तरी पाय असतात, म्हणाला.

"डबा कुठंय तुमचा? आजी सांगत होती, डाक्टर लोक हायेत."

"पुढे गेला," नाना म्हणाला.

त्याने कॅन उचलले. "डबा शेवटच्या माणसाकडं ठिवायचा असतोय, काका. पडलेला माणूस मागंच असतोय ना."

पंधरा दिवस आम्ही डब्यात काय असावं यावर वाद घातला होता. नानाने धरणाच्या सवयीने खिशातून डायरी काढली आणि ते वाक्य तारीख घालून लिहून घेतलं.

दोन्ही खांद्यांवर दोघे, अशी माझी वरात तीन तासांनी पाचनईत पोचली. पहिल्याच अंगणात माणसं गोळा झाली होती. मध्ये पिंट्या, शेजारी उघडा डबा. ओआरएसची पाकिटं वाटून झाली होती, आईच्या ओव्याची पुडी एका बाळंतिणीच्या सासूने नेली होती.

"सहा इंची क्रेप बँडेज दे," मी ओट्यावर बसत म्हणालो.

पिंट्या गप्प. त्याने नुसतं गोठ्याकडे बघितलं. तिथून एक काळी शेळी बाहेर आली. तिच्या पुढच्या पायाला माझं सहा इंची क्रेप बँडेज, वर मायक्रोपोर, अगदी व्यवस्थित.

"मामा, तिचा खरंच मुरगळला होता," तो म्हणाला.

"आणि दुसरं?"

"आधी उलटं बांधलं गेलं. मग तिने ते खाल्लं."

शेळी माझ्यासमोरून अंगण ओलांडून पलीकडे गेली. माझ्यापेक्षा नीट चालत होती.