पायलट व्हायचंय? कळस आणि पंचक्रोशीतल्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

आधी वर बघायची सवय लावा. कळसच्या रानात ती आपोआप लागते. बारामतीजवळ गोजुबावीला विमानतळ आहे, तिथं वैमानिक घडवणाऱ्या संस्था आहेत आणि त्यांची लहान शिकाऊ विमानं आपल्या भागावर घिरट्या घालत असतात. उसाला पाणी धरणारा माणूस आता मानही वर करत नाही. तुम्ही अजून करत असाल, आणि त्या नादात बारं फुटून पाणी शेजाऱ्याच्या वावरात गेलं असेल, तर तुमची प्राथमिक पात्रता सिद्ध झाली. पुढं वाचा.

विमानाचं आपल्या तालुक्याला वावडं नाही. जवळच्या वालचंदनगरला ज्यांचं नाव आहे, त्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. तिचीच पुढं हिंदुस्तान एरोनॉटिक्स झाली. म्हणजे साखरेकडून विमानाकडं जायची वाट मळलेली आहे. फरक इतकाच, की त्यांच्याकडं कारखाना होता आणि तुमचं कारखान्याकडं बिल आहे.

आता कागदपत्रं. वयाची १६ वर्षं भरली की शिकाऊ परवाना निघतो, व्यावसायिक परवान्याला १८ लागतात. बारावीला फिजिक्स आणि गणित हवं. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनी लगेच वही मिटू नये. हे दोन विषय मुक्त विद्यालयातून मागाहून देता येतात. गुणपत्रिका मात्र स्वतःच्या कष्टाची असावी. २०११ साली काही जणांनी बनावट गुणपत्रिकांवर परवाने काढल्याचं उघड झालं आणि थेट अटका झाल्या. चेअरमनसाहेबांची चिठ्ठीही सोबत जोडू नका. विमान वाहतूक महासंचालनालयात ती कुठल्या फायलीला लावायची, हे तिथल्या माणसाला कळणार नाही.

मग पेपर: नेव्हिगेशन, हवामान, हवाई नियम, विमानाची तांत्रिक माहिती. प्रत्येकात किमान ७० टक्के, म्हणजे बोर्डाच्या ३५ वर समाधानी राहिलेल्या घराण्यांना जरा जडच. हवामानाच्या पेपरात ढगांचे प्रकार विचारतात. ‘आज काय पडत नाय बगा’ हे उत्तर बरोबर निघालं तरी मार्क मिळत नाहीत. रेडिओवर बोलायची परीक्षा वेगळी असते. तिथं ठरलेले शब्द ठरलेल्या क्रमानं, तेही इंग्रजीत बोलायचे. ‘आलोच, पाचच मिनिटं’ हे आपल्याकडचं सर्वमान्य वाक्य तिथं चालत नाही, कारण टॉवरवरचा माणूस ते खरं धरतो.

उडणं ही यातली सोपी बाजू. एकूण २०० तास, त्यातले १०० तास विमानाचा ताबा तुमच्या एकट्याकडं. एक लांबचा प्रवास ३०० सागरी मैलांचा, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरच्या वर, वाटेत दोन परक्या विमानतळांवर उतरून. रात्रीची उड्डाणं निराळी. प्रत्येक तास लॉगबुकात लिहायचा. मुलींनीही लिहायचा. ‘पोरीचं काम नव्हं ते’ असं पारावर कुणी म्हणालं, तर १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन यांनी इंडियन एअरलाइन्सचं फॉकर विमान कोलकात्याहून सिल्चरला नेलं होतं आणि त्या विमानावर सगळा कर्मचारीवर्ग बायकांचा होता, एवढं सांगून चालू लागावं. थांबून वाद घालू नये. ते तास लॉगबुकात धरत नाहीत.

आता खरी परीक्षा, जिचा उल्लेख कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. या सगळ्याला पन्नास लाखांच्या आसपास लागतात, बहुधा वरच. बँकेचा साहेब तारण म्हणून सातबारा मागतो. सातबाऱ्यावर वडील, दोन चुलते आणि लग्न होऊन गेलेल्या तीन आत्या. चुलते सही करतात, कारण त्यांना पुढं त्यांच्या पोराच्या वेळी सही लागणार असते. आत्याकडं मात्र जावं लागतं. वडील जोत्यावर बसून चप्पल बघतात आणि बोलायचं तुम्हाला असतं.

“आत्या, एवढी सही पाहिजे हुती.”

“कशापायी?”

“इमान शिकायचंय.”

“आन पडलं मंजे? कडबनवाडीला पडलं न्हवं का शेतात?”

इथं खोटं बोलू नका. जुलै २०२२ मध्ये एक शिकाऊ विमान कडबनवाडीच्या शेतात कोसळलं, हे खरं आहे. चालवणारी विद्यार्थिनी किरकोळ जखमांवर बचावली, हेही खरं आहे. आत्याला दोन्ही सांगा. ती पहिलं लक्षात ठेवेल. मग चहा होईल, १९९० च्या दिवाळीत साडी कुणी पाठवली नाही ते निघेल आणि संध्याकाळच्या सुमारास सही होईल. ज्याला हे जमलं, त्याला विमान कंपनीची मुलाखत किरकोळ आहे.

परवाना हातात आला की गावात फ्लेक्स लागतो आणि स्थळं येऊ लागतात. नोकरी अजून नाही हे कळलं की स्थळं थांबतात; फ्लेक्स पावसाळ्यापर्यंत राहतो. कारण परवाना म्हणजे नोकरी नव्हे. एअरबस किंवा एटीआर यांपैकी एखाद्या जातीच्या विमानाचं प्रशिक्षण वेगळं, त्याचे लाखो रुपये वेगळे. कंपनीच्या स्वतःच्या योजनेतून गेलात तर आकडा कोटीच्या घरात जातो. लेखी, मानसिक चाचणी, सिम्युलेटर हे सगळं त्यानंतर. तोवर न उडता बसलात तर परवान्यावरचे शेरे मुदतबाह्य होतात. कर्जाचं व्याज तेवढं ताजं राहतं.

भवितव्य काय, असं विचाराल. किंगफिशर २०१२ ला जमिनीवर आली, जेट २०१९ ला, गो फर्स्ट २०२३ ला. त्याच २०२३ मध्ये एअर इंडियानं ४७० आणि इंडिगोनं ५०० विमानांची मागणी नोंदवली. विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोला वैमानिक पुरेनात आणि हजारो उड्डाणं रद्द झाली. हे वाचून तुमचे वडील म्हणतील, “बघ, माणसं कमी पडत्यात.” त्यांना सांभाळून सांगा, की ओढ असते ती मुख्यतः अनुभवी कॅप्टनांची. कॅप्टन व्हायला जो वरचा परवाना लागतो, त्याला १५०० तास हवेत. तुमच्याकडं २०० आहेत, आणि तुमच्यासारखे २०० तासवाले रांगेत पुष्कळ आहेत. रांग सरकते, पण कधी सरकेल हे तेलाचा भाव, कंपन्यांची कर्जं आणि इंजिनांची दुरुस्ती यांवर ठरतं. नोकरी लागली तर पगार उत्तम, यात वाद नाही. पण पहिली काही वर्षं तो बँकेचाच असतो.

आणि वैद्यकीय तपासणी. लोक ती शेवटी ठेवतात, म्हणून इथंही शेवटी आली. आधी दुसऱ्या वर्गाची, मग पहिल्या वर्गाची. चष्मा चालतो. पण ठिपक्यांच्या वर्तुळातला आकडा दिसला नाही, लाल-हिरव्यात घोळ झाला, तर पुढचं सगळं अडतं. हृदयाचं किंवा कानाचं दुखणंही तिथंच निघतं. या तपासणीचा खर्च प्रशिक्षणाच्या मानानं नगण्य आहे. तेव्हा दोन्ही वर्गांचे दाखले हातात पडेपर्यंत कुठल्याही संस्थेत पैसे भरू नका, रान गहाण टाकू नका आणि आत्याकडं तर मुळीच जाऊ नका.