छपरांवरून धावणाऱ्या महाशयांस अनावृत पत्र

रा. रा. छपरांवरून धावणारे महाशय यांस,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, 'असॅसिन्स क्रीड: ब्रदरहुड' हा युबिसॉफ्ट कंपनीचा गेम 16 नोव्हेंबर 2010 रोजी अमेरिकेच्या बाजारात आला, त्यात या मालिकेच्या मुख्य खेळांत प्रथमच मल्टिप्लेअरची, म्हणजे इंटरनेटवरून अनेक माणसांनी एकाच वेळी एकमेकांविरुद्ध खेळण्याची सोय झाली, आणि ती सुरू झाल्या दिवसापासून 2022 मध्ये सर्व्हर बंद होईपर्यंत रोम, सिएना व व्हेनिस येथील छपरांवर महाशयांची जी अखंड धाव चालू होती तिची जाहीर दखल कोणीही घेतलेली नाही. ही उणीव भरून काढावी, महाशयांच्या कार्याचे यथायोग्य मूल्यमापन करावे आणि जमल्यास त्यांना घटकाभर एखाद्या बाकावर बसवावे, एवढाच प्रस्तुत पत्राचा हेतू आहे.

महाशयांच्या धावेला घराणे आहे, हे आधी मान्य करायला हवे. 2007 च्या मूळ 'असॅसिन्स क्रीड'मध्ये तिसऱ्या क्रुसेडच्या काळातील, म्हणजे 1191 च्या सुमाराच्या, जेरुसलेम आणि दमास्कसमध्ये वावरणारा अल्ताइर नावाचा मारेकरी होता. 2009 च्या दुसऱ्या भागात फ्लोरेन्सचा एत्सिओ आउदितोरे आला. आणि 'ब्रदरहुड' हा त्याच एत्सिओची कथा रोममध्ये, बोर्जिया घराण्याच्या सत्तेविरुद्ध, पुढे नेणारा सिक्वेल आहे. या तिन्ही खेळांच्या मुळाशी एकच कल्पना असल्याचे सांगितले जाते, ती अशी की मारेकऱ्याने रात्रीच्या अंधारात नव्हे तर दिवसाढवळ्या माणसांच्या घोळक्यात दडावे आणि गर्दी हेच त्याचे पांघरूण असावे. 'सांगितले जाते' असे म्हणण्याचे कारण एवढेच की एकट्याने खेळायच्या कथाभागात ही कल्पना कोणाला फारशी पाळावीच लागत नाही. पहारेकरी इतके भाबडे आणि नायक इतका तरबेज की बाकावर बसून संधीची वाट पाहण्यापेक्षा डझनभर शिपाई चौकात गोळा करून एकेकाला आडवे करणे अधिक सोयीचे पडते, आणि 'ब्रदरहुड'ने तर एकाला मारता मारता लगोलग दुसऱ्याला मारत जाण्याची साखळी बहाल करून उरलासुरला संकोचही घालवला आहे. महाशयांनी ही विद्या तीन वर्षे मन लावून आत्मसात केली. त्याच तबकडीवरील दुसऱ्या दालनात, म्हणजे मल्टिप्लेअरमध्ये, ती उपयोगाची नसून उपद्रवाची ठरेल, असा इशारा त्यांना वेळेवर आणि पुरेशा मोठ्या अक्षरांत मिळाला नाही, हा दोष त्यांचा नव्हे.

या दालनाच्या दारावरच महाशयांचा पहिला गैरसमज झालेला दिसतो. ते स्वतःस एत्सिओ समजून आत शिरतात. वास्तविक मल्टिप्लेअरच्या चौकटकथेनुसार तेथील प्रत्येक खेळाडू हा ॲब्स्टर्गो इंडस्ट्रीज या कंपनीचा, म्हणजे एत्सिओच्या पंथाचे हाडवैरी असलेल्या टेम्पलरांच्या आधुनिक वारसांचा, शिकाऊ उमेदवार असतो आणि पूर्वजांच्या स्मृती जिवंत करणाऱ्या ॲनिमस नावाच्या यंत्रात बसून, मारेकऱ्यांना त्यांच्याच विद्येने संपवण्याचे प्रशिक्षण घेत असतो. नायकाच्या थाटात शत्रूच्या शिकवणीला जाऊन तेथेही वर्गात कोणाचे ऐकायचे नाही, असा दुहेरी पराक्रम या मालिकेत यापूर्वी कोणाला साधलेला नव्हता.

आता शिकवणीचा विषय. 'वॉन्टेड' या मुख्य प्रकारात सहा ते आठ खेळाडू दहा मिनिटांसाठी एका नगरभागात सोडले जातात, प्रत्येकाला एकाच लक्ष्याचे चित्र दाखवले जाते, आणि ज्या वेळी तो त्या लक्ष्याच्या मागावर असतो त्याच वेळी दुसरा कोणीतरी, आणि गुणांत तो वर चढला असल्यास एकाहून अधिक जण, त्याच्या मागावर असतात. खेळाडूने न्हावी, धर्मगुरू, वैद्य, गणिका, जल्लाद अशांपैकी एक रूप घ्यायचे असते. (वैद्याचा चोचीचा मुखवटा सामान्यतः सतराव्या शतकातील मानला जातो आणि खेळाचा काळ 1500 च्या आसपासचा आहे, पण जेथे न्हावी भर चौकात गळे कापत हिंडतो तेथे वैद्याच्या मुखवट्यावर आक्षेप घेणे कोतेपणाचे होईल.) खरी मेख पुढे आहे. रस्त्यांवरून फिरणारी गर्दी, जिला संगणकच चालवतो, तीही याच रूपांची बनलेली असते, म्हणजे लक्ष्य न्हावी असेल तर नगरात आणखी कित्येक न्हावी शांतपणे आपापल्या वाटेने जात असतात आणि त्यांतला कोणता माणूस चालवतो आहे हे चेहऱ्यावरून नव्हे, चालीवरूनच ओळखावे लागते. स्क्रीनच्या तळाशी असलेले होकायंत्र लक्ष्याची दिशा सांगते आणि जसजसे जवळ जावे तसतसे भरत जाते. परंतु ते घोळक्यापर्यंत नेऊन सोडते, घोळक्यातील माणूस दाखवत नाही. घाईने निष्पाप न्हाव्याला भोसकले तर हातचे काम काढून घेतले जाते आणि दुसरे मिळेपर्यंत थांबावे लागते.

अशा नगरात महाशय छपरावरून धावत येतात. संगणकाच्या न्हाव्यांपैकी एकही कौलांवरून धावत नाही, एकही भिंतीला पालीसारखा चिकटत नाही, एकही रस्त्याच्या मधोमध थबकून गर्रकन मागे वळत नाही. त्यामुळे क्षितिजावर महाशयांची आकृती उमटताच खाली बाकावर बसलेल्या मारेकऱ्यास होकायंत्राकडे पाहण्याचेही कारण उरत नाही. तो हलत नाही. महाशयच खाली उडी घेतात, आपल्या लक्ष्याच्या दिशेने गर्दीला धक्के देत धावतात, आणि त्या बाकाशेजारून जाताना त्यांचा अवतार संपतो. काही सेकंदांनी ते पुन्हा प्रकट होतात आणि सर्वप्रथम जवळची भिंत शोधतात.

गणिताच्या अंगानेही महाशयांच्या पद्धतीकडे पाहणे उद्बोधक आहे. या खेळात वध हा वध असला तरी त्याची प्रतवारी चार पायऱ्यांवर होते: 'रेकलेस' म्हणजे बेफाम, 'डिस्क्रीट' म्हणजे बेताबेताने, 'सायलेंट' म्हणजे गुपचूप आणि 'इनकॉग्निटो' म्हणजे अखेरच्या क्षणापर्यंत अनोळखी राहून केलेला. लक्ष्याच्या नजरेच्या टप्प्यात धावले वा चढले की एक मापक झपाट्याने उतरते, ते उतरेल तशी प्रत घसरते आणि ते पूर्ण रिकामे झाले की लक्ष्याला सुगावा लागून पाठलाग सुरू होतो. उलट घोळक्यात उभे राहून, गवताच्या गंजीत दडून किंवा लक्ष्यावर काही क्षण नजर रोखून केलेल्या वधास वरकड गुण मिळतात. परिणामी ज्याने दहा मिनिटांत मोजके पण नीट वध केले तो, दुप्पट माणसे बेफाम मारणाऱ्याच्या सहज पुढे जातो. महाशयांना हा निकाल दरवेळी सर्व्हरचा बिघाड वाटतो. शिवाय भक्ष्यालाही गुण आहेत, ही गोष्ट त्यांच्या ध्यानीमनी नाही: मागावरचा माणूस वेळीच ओळखून त्याला ठोसा लगावून लोळवले, मागून येणाऱ्याच्या तोंडावर दरवाजा बंद होईल अशा कमानीतून निसटून मग गर्दीत दडले, किंवा आपल्याऐवजी आपल्यासारख्या दिसणाऱ्या कोणाला त्याने मारले, तर प्रत्येक वेळी पदरात काहीतरी पडते. न मारता गुण मिळवता येतात असे नेमबाजीवर पोसलेल्या मल्टिप्लेअरमध्ये तोवर क्वचितच कोणी सुचवले असेल.

हे सारे सुचले कोणाला, याचे उत्तर महाशयांनी फ्रान्समधील आन्सी या सरोवराकाठच्या गावी शोधावे. कथाभाग मुख्यतः माँट्रियलच्या स्टुडिओचा असला तरी मल्टिप्लेअर युबिसॉफ्टच्या आन्सी येथील शाखेने रचला आहे, आणि याच शाखेने 2004 च्या 'स्प्लिंटर सेल: पँडोरा टुमॉरो'साठी असा सामना बेतला होता की ज्यात नि:शस्त्रप्राय, पण चपळ हेरांची जोडी आणि बंदूकधारी, पण आंधळ्यासारखे चाचपडणारे भाडोत्री सैनिक एकमेकांसमोर उभे राहत. ज्यांना दोन बाजू मुद्दाम असमान ठेवून खेळ तोलता येतो, त्यांना सर्वांच्या हाती सारखे पाते देऊन ते शक्य तितका वेळ म्यानात ठेवायला लावणे अवघड नव्हते. लक्ष्य नेमून दिलेला मारेकरी आणि त्याच्या मागे दुसरा मारेकरी ही कल्पना 2006 च्या 'द शिप'मध्ये, एका प्रवासी जहाजावर, येऊन गेली होती. परंतु गर्दीतील प्रत्येक चेहरा खेळाडूच्या चेहऱ्याची नक्कल करण्याची युक्ती तिला आन्सीकरांनी जोडली. ॲलन ट्युरिंग यांनी 1950 मध्ये 'माइंड' या नियतकालिकात यंत्राने माणसाची नक्कल इतकी बेमालूम करावी की परीक्षकाला फरक कळू नये, अशी कसोटी मांडली होती. येथे ती उलटी फिरवलेली आहे, कारण माणसाने यंत्राची नक्कल करायची आहे, आणि तीही बुद्धिमान यंत्राची नव्हे, कोपऱ्यावर वळताना किंचित अडखळणाऱ्या ठोकळ्याची. या कसोटीत महाशय आपले माणूसपण दर दोन सेकंदांनी सिद्ध करतात, याबद्दल मानवजातीने त्यांचे ऋणी असावे.

महाशयांच्या बाजूने जे बोलता येईल तेही बोलले पाहिजे, कारण दालन निर्दोष नाही. 2010 च्या सुमारास एकट्याने खेळायच्या खेळांच्या सिक्वेलला मल्टिप्लेअरचे शेपूट जोडण्याची टूम निघाली होती. 'बायोशॉक 2'चे मल्टिप्लेअर तर डिजिटल एक्स्ट्रीम्स या वेगळ्याच कंपनीकडून करवून घेतले गेले, आणि खेळ संपवून तबकडी विकून टाकणारे गिऱ्हाईक प्रकाशकांच्या डोळ्यांत किती सलते हे इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने त्याच वर्षी आणलेल्या, वापरलेली तबकडी घेणाऱ्याकडून ऑनलाइन खेळासाठी वेगळे पैसे घेणाऱ्या पासवरून दिसलेच होते. 'ब्रदरहुड'चे शेपूट कथेच्या धडाहून अधिक जिवंत निघाले हा अपवाद मानावा. पण त्या काळाची खूण त्याच्याही अंगावर आहे. ती म्हणजे पन्नास लेव्हलची शिडी. वेषांतर, धुराचा गोळा, फटाके, आसपासच्या लोकांना आपल्यासारखे रूप देणारी 'मॉर्फ', आपला तोतया पळवणारी 'डिकॉय', लांबून गोळी घालणारे छुपे पिस्तूल अशी साधने लेव्हल वाढेल तशी उघडत जातात, त्यामुळे पहिल्या संध्याकाळी आलेला नवखा जवळजवळ रिकाम्या हातांनी अशा लोकांसमोर उभा राहतो ज्यांच्याजवळ प्रत्येक संकटावर काहीतरी आहे. शांतपणे चालणे हीच ज्या खेळातील विद्या, तेथे ज्याने जास्त तास घालवले त्याला जास्त अवजारे देणे म्हणजे परीक्षेत हुशार मुलालाच पुस्तक उघडू देणे होय. त्यात सामना जुळेपर्यंतची दीर्घ प्रतीक्षा होती. आठ माणसे जमता जमता दोघे कंटाळून निघून जात आणि मोजणी पुन्हा मागे येई. आणि वध करताना मारेकऱ्याच्या हालचालींचे जे दोनतीन सेकंदांचे नाट्य चालते, ज्यात त्याला काही करता येत नाही आणि आजूबाजूच्या सर्वांना तो दिसतो, ते शिक्षा म्हणून चोख असले तरी दहाव्यांदा पाहताना लांबलचक वाटते.

दोन-दोनांच्या तीन जोड्यांचा 'अलायन्स' हा प्रकार ठीक आहे. जोडीदार अनोळखी असल्यास दोघेही एकमेकांच्या तीन पावले पुढे असतात. 'मॅनहंट' मात्र महाशयांच्या संदर्भात गंभीर आहे. त्यात चार जणांचा एक संघ लपतो आणि दुसरा चौघांचा संघ शोधतो, मग भूमिका बदलतात, आणि लपणाऱ्यांना नुसते लपून राहण्याचेही गुण मिळत असतात. चौघे एकाच घोळक्यात, एकमेकांना पाठ लावून, निर्जीवासारखे उभे राहिले तर प्रतिपक्षाला घाम फुटतो. महाशय या चौघांतले चौथे असले की तिघे उभे असतात आणि चौथे जवळच्या कमानीवर चढून खाली काय चालले आहे ते पाहत असतात. प्रतिपक्ष त्यांच्याकडे पाहतो, मग ते कोणाकडे पाहत आहेत ते पाहतो, आणि उरलेल्या तिघांचा शोध तेथेच संपतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो येथवर समजू शकते. येथे बाशिंगाला वऱ्हाडाचा पत्ताही लिहिलेला असतो.

असे असूनही महाशयांनी आपली पद्धत बदलायला हवी होती, असे या पत्राचे म्हणणे नाही, आणि त्याचे कारण निव्वळ स्वार्थाचे आहे. 2007 पासून ही मालिका ज्या गर्दीची बढाई मारत आली ती गर्दी पहिल्यांदा कामाला लागली ती या दालनात, आणि ती कामाला लागण्यासाठी कोणीतरी तिच्यातून उठून दिसणे आवश्यक असते. सारेच खेळाडू यंत्रासारखे चालू लागले असते तर दहा मिनिटे नगर नुसतेच चालत राहिले असते आणि कोणीही कोणाला मारले नसते. अनुभवी खेळाडूंच्या सामन्यांत असे प्रसंग दिसूही लागले होते. तेव्हा महाशय धावले ते बरेच झाले, फक्त शक्यतो 'वॉन्टेड'मध्ये धावायचे होते, 'मॅनहंट'मध्ये प्रतिपक्षाच्या संघातून धावायचे होते, आणि छुपे पिस्तूल हाती येण्याइतकी लेव्हल गाठण्याची मात्र घाई करायची नव्हती.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

सिएनाच्या चौकात बसलेल्या सहउमेदवारांच्या वतीने