मांडीवरचा प्रवासी

विमान कंपन्यांच्या लेखी दोन वर्षांखालचं मूल धड माणूस नसतं आणि धड सामानही नसतं. आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याला साधारणपणे मोठ्यांच्या तिकिटाच्या 10 टक्के भाडं पडतं आणि जागा मिळते शून्य टक्के. सामानाला निदान डोक्यावरचा कप्पा असतो. मुलाची जागा म्हणजे आई. मुंबईहून न्यूअर्कला थेट विमानाला 16 तासांच्या आसपास लागतात, आणि तेवढा वेळ मी खुर्ची म्हणून काम करायचं असं आमच्या घरात एकमताने ठरलं. नवरा आधीच न्यू जर्सीत होता. चिरंजीवांना नुकतंच दीड वर्ष पूर्ण झालेलं. दोन पूर्ण झाली की अख्ख्या खुर्चीचे पैसे मोजावे लागतात, तेव्हा "आत्ताच ये," हा हिशोबही त्याचाच.

"झोपेल गं तो," असं मला सगळ्यांनी सांगितलं. सांगणाऱ्यांपैकी एकानेही दीड वर्षाच्या मुलाला एकट्याने घेऊन ठाण्याच्या पुढे प्रवास केलेला नव्हता.

सल्ल्यांना वजनाची मर्यादा नसते. आजीने खोबऱ्याच्या वाट्या बांधून दिल्या. सुकं खोबरं विमानात चालत नाही, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं, हे तिला पटेना. "आमच्या स्वयंपाकघरात साठ वर्षांत पेटलं नाही," म्हणाली. आत्याने सर्दीच्या औषधाचं नाव सुचवलं, म्हणजे पोर गुंगीत राहील. डॉक्टरांनी ते साफ नाकारलं. झोपवण्यासाठी असलं औषध द्यायचंच नसतं, आणि काही मुलांना त्याने गुंगी येण्याऐवजी उलट तरतरी येते. अशा काही मुलांत आमचे चिरंजीव पहिले असणार याबद्दल मला शंका नव्हती. खेळणी किती, लंगोट किती, कपड्यांचे जोड किती (मुलाचे चार आणि आईचा एक, हा त्यातल्या त्यात कामाचा सल्ला) हे सगळं मला तोंडपाठ झालं. फक्त एक गोष्ट कुणी बोललं नाही. 16 तास मूल मांडीवर असलेल्या बाईने स्वच्छतागृहात जायचं कधी आणि कसं?

मुंबई विमानतळाच्या टी-टूचं मला फार कौतुक आहे. 2014 साली ते सुरू झालं, खांबांवर आणि छतावर मोरपिसांची नक्षी आहे, भिंतींवर 'जय हे' नावाचं केवढं तरी कलादालन आहे. चिरंजीवांनी त्यातलं काही पाहिलं नाही. त्यांनी फक्त फरशी पाहिली, जी गुळगुळीत आहे आणि संपत नाही. सुरक्षा तपासणीत बाबागाडी मिटून पट्ट्यावर ठेवायची असते आणि मूल कडेवर घ्यायचं असतं. ही बाबागाडी एका हाताने मिटते असं जाहिरातीत म्हटलं होतं. दुसऱ्या हातात कोण आहे, हे जाहिरातीत नव्हतं. बाळाचं दूध आणि खाणं 100 मिलिलिटरच्या नियमातून सुटतं, पण अमेरिकेच्या विमानात 2018 पासून 350 मिलिलिटरहून जास्त पावडर असली की कसून तपासणी होऊ शकते. मी मेतकूट आणि नाचणीचं सत्त्व छोट्या छोट्या डब्यांत विभागून नेलं. जवानाने मेतकुटाचा डबा उघडला, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, मुलाकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि डबा परत दिला.

आम्हाला सगळ्यांत पुढची, भिंतीसमोरची जागा मिळाली. या जागेसाठी आयाबाया महिनाभर आधी फोन करतात, कारण तिथेच भिंतीला बाळाचा पाळणा अडकवता येतो. तिची मेख बसल्यावर कळते. समोर खुर्ची नाही म्हणजे खुर्चीखाली पिशवी ठेवायला जागा नाही. त्यामुळे खेळणी, दूध, पुसणी, खाऊ असं ज्याच्या भरवशावर आपण निघालो ते सगळं विमान उडताना वरच्या कप्प्यात, आणि आपण पट्ट्याने बांधलेले. मुलाचा छोटा पट्टा आपल्या पट्ट्यात ओवलेला असतो. खुर्च्यांमधले हातही वर होत नाहीत, कारण जेवणाची घडीची टेबलं त्यांच्यातच लपवलेली असतात. चिरंजीवांनी ती पहिल्या दहा मिनिटांत शोधून काढली.

पलीकडच्या भागात आणखी एक बाळवाली दिसली. शेजारी बसलो तर दोघींना बरं, म्हणून हवाईसुंदरीला विचारलं. नाही म्हणाली. खुर्च्यांच्या प्रत्येक जोडणीवर साधारणपणे एकच प्राणवायूचा मास्क जादा असतो, म्हणून एका जोडणीत एकच मांडीवरचं बाळ. हे ऐकून मी प्रथमच सुरक्षेची सूचना लक्ष देऊन ऐकली. आधी स्वतःला मास्क लावा, मग मुलाला. कारणही चोख आहे. 35,000 फुटांवर हवेचा दाब गेला तर माणूस शुद्धीवर राहून काही करू शकतो तो जेमतेम अर्धा ते एक मिनिट. पण चिरंजीवांनी आजवर डोक्यावर टोपीसुद्धा ठेवू दिलेली नाही, त्याचं काय करायचं हे कुणी दाखवलं नाही.

शेजारी सांगलीच्या काकू होत्या, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या, पायाशी घेतलेली डिंकाच्या लाडवांची पिशवी हवाईसुंदरीने दोनदा वर ठेवायला लावलेली. त्यांच्या पलीकडे काका, हातात मराठी पेपर. लग्न झाल्यापासून त्यांच्यावर बोलायची वेळ आली नसावी. काकूंनी कसर भरून काढली. "अगं, कान बघ त्याचे." "अगं, पोटात वायू धरलाय." "अगं, पायमोजे घाल." घातले. त्याने काढले. "अगं, काढलेस का?"

खरं तर विमानात कुणाचंच डोकं ठिकाणावर राहू नये अशी व्यवस्था असते. केबिनमधली हवा 6,000 ते 8,000 फूट उंचीवर असते तितकी विरळ ठेवतात. कळसूबाई 5,400 फूट. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराहून उंच जागी, कोरड्या हवेत, मांडीवर दहा किलो घेऊन रात्र काढायची. पाळणा अडकवला, पण चिरंजीवांचे पाय त्याच्या बाहेर येऊ लागले. तरी एकदाचे त्यांनी डोळे मिटले. मी श्वास सोडला आणि पट्टे बांधण्याची खूण पेटली. नियम असा की खूण पेटली की पाळण्यातलं मूल उचलून पट्ट्यात घ्यायचं. मला संशय आहे की ती खूण हवेतल्या हेलकाव्यांवर चालत नाही. तिची तार पाळण्याला जोडलेली असते.

मधल्या काही तासांत आम्ही विमान पायी पार केलं, अनेकदा. मागच्या टोकाशी लंगोट बदलायची घडीची फळी असलेलं स्वच्छतागृह आहे. मांजराने आळस दिला तर चारी भिंतींना पाय लागतील, एवढी ती खोली. तिथलं पाणी ओतून वाहत नाही, हवेच्या दाबाने मोठा आवाज करून खेचलं जातं. हा आवाज ऐकून चिरंजीव दचकले, मग खूश झाले आणि त्यांनी ते बटण आणखी दाबायची इच्छा व्यक्त केली. बाहेर रांग होती. त्यांची इच्छा रांगेलाही ऐकू गेली.

हे सगळं त्यांच्यासाठी. माझं काय? अकराव्या तासाला प्रश्न सल्लामसलतीच्या पलीकडे गेला. हवाईसुंदऱ्या जेवणाच्या गाड्या घेऊन अडकलेल्या. काकू सांगत होत्या की त्यांच्या काळी चार-चार पोरं घेऊन एसटीने कशी पंढरपूरला जायची. तेवढ्यात काकांनी पेपराची घडी केली, ती काकूंच्या मांडीवर ठेवली, चष्मा खिशात घातला (तो अनुभव त्यांना असावा) आणि दोन्ही हात पुढे केले.

"आण इकडे. जाऊन ये."

त्या प्रवासात कुणी माझ्याशी बोललेलं हे सर्वांत सुंदर वाक्य. परत आले तेव्हा चिरंजीव काकांच्या मांडीवर बसून पेपर फाडत होते. काका त्यांना पानं पुरवत होते. संपादकीय आधी दिलं होतं.

उतरायला अर्धा तास उरला आणि चिरंजीव गाढ झोपले. पण विमान खाली येताना दाब वाढतो, आणि कानाच्या आतबाहेरचा दाब सारखा करणारी नळी लहानांमध्ये अरुंद असते. गिळलं की ती उघडते, आणि झोपलेलं मूल फारसं गिळत नाही. म्हणजे रात्रभर ज्याला झोपवायला मी धडपडले, त्याला माझ्याच हाताने हलवून दूध पाजलं. तो रडला. त्याचं बरोबरच होतं. न्यूअर्कला बाहेर आल्यावर बापाला पाहून मात्र लगेच हसला, आणि बाप म्हणाला, "बघ, उगाच घाबरत होतीस."

तेव्हा वाचकहो, लांबच्या विमानात तुमच्या शेजारी एकटी आई आली, तर मुलाला भूक लागली असेल, थंडी वाजत असेल, दात येत असतील, हे तिला सांगू नका. तिने ते सगळं तपासलेलं असतं. फक्त हात पुढे करा. ती पाच मिनिटांत परत येते. पळून जायला विमानात जागा नसते.