अडीचला बाई मरते

आमचे भाऊजी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या, दिवसांत घरी आले, की मी आधी मोटारसायकलची चावी लपवतो. उपयोग काही नाही, कारण ते स्वतःची गाडी घेऊनच येतात. गळ्यात दुपट्टा, एका खिशात टॉर्च, दुसऱ्या खिशात दोन गावांच्या नाटकांची पत्रकं. तुमच्याकडेही असा एक असेलच. भंडारा जिल्ह्यात, त्यातही साकोली-लाखांदूरकडे, दिवाळीनंतर एका दिवसात एकच खेळ पाहून झोपणारा माणूस एकतर आजारी असतो, नाहीतर परगावचा.

दुपारी मंडईत दंडार किंवा खडी गंमत. पुरुषच लुगडं नेसून नाचतात, ढोलकी घुमते, लोक उभ्यानेच पाहतात. रात्री शामियान्यात नाटक, ते थेट पहाटेपर्यंत. साध्या माणसाचे दोन खेळ इथेच होतात. पण भाऊजी दंडार मोजतच नाहीत. दंडार म्हणजे त्यांच्या लेखी जेवणाआधीचा चहा. त्यांचे दोन म्हणजे रात्रीचेच दोन: एका गावात मध्यंतरापर्यंत, दुसऱ्या गावात मध्यंतरानंतर.

गेल्या मोसमातली गोष्ट. मुलाने आईला घराबाहेर काढलं होतं. ऑर्गनवाल्याने सूर धरून ठेवला होता, गाद्यांवरच्या बाया पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मीही गहिवरायच्या बेतात होतो. तेवढ्यात भाऊजी उठले, दुपट्टा फटकन झटकला आणि अख्ख्या शामियान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चाल गा, तिकडं अडीचले बाई मरते."

पुढची म्हातारी डोळे पुसता पुसता वळली. "बस ना गा, इतंबी मरते."

"इतं चारले मरते, आजी."

हे त्यांचं शास्त्र आहे. नाट्य मंडळं बहुतेक शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाची. तेच नाटक मोसमभर गावोगाव फिरतं, त्यामुळे कोणत्या नाटकात कोण किती वाजता मरतो, हे भाऊजींना पाठ. मधल्या लावण्यांचा वेळ ते वेगळा धरतात. बक्षिसांचाही धरतात. गाणं रंगलं की 'अमुक यांच्याकडून शंभर रुपये' असं माइकवरून सुरू होतं, वन्स मोर येतो, आणि मरण लांबतं. निवडणूक जवळ आलेली असेल तर पाऊण तास जास्त, कारण गावातल्या प्रत्येक पुढाऱ्याला नाव पुकारून घ्यायचं असतं. एकदा अशाच एका गावात नायिकेला विष पिऊनही चाळीस मिनिटं थांबावं लागलं, असं ते शपथेवर सांगतात.

या पद्धतीचा एक परिणाम असा, की भाऊजींच्या एकाही नाटकाला स्वतःचा शेवट नाही. सकाळी आलुबोंडा खात ते बहिणीला कथा सांगतात. पहिल्या गावचा दारुडा मुलगा दुसऱ्या गावच्या कलेक्टरणीशी लग्न करतो, पहिल्या गावचा सावकार दुसऱ्या गावच्या इन्स्पेक्टरच्या हाती लागतो. आणि कथा जुळते! कुठे टाका दिसत नाही. याचं श्रेय भाऊजींना द्यायचं की नाटककारांना, ते नाटककारांनी ठरवावं.

२०२३ मध्ये झाडीपट्टीचे, म्हणजे आमच्याच रंगभूमीचे, कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा भाऊजींनी गल्लीत पेढे वाटले. "त्यायचं नाटक मी पायलं," म्हणाले. मी विचारलं, किती? "अर्धं. पन पुढून."

शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, बंद होते त्या काळात त्यांनी तोंड पाडलं होतं. दिवसा पट आणि रात्री नाटक अशी आमच्याकडची जुनी जोडी. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैल थांबले, ते डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाल्यावर पुन्हा धावले. त्या सगळ्या वर्षांत भाऊजींचा हिशेब तोकडाच राहिला.

माझा राग खरा होता. तिकिटाचे पैसे मी द्यायचे, अर्धं नाटक सोडायचं, आणि धानाच्या बांध्यांमधून धुक्यात, दात वाजवत दुसरं गाव गाठायचं. बहिणीचा नवरा, त्यामुळे नाही म्हणायची सोय नाही. अडीचला मरणाऱ्या बाईच्या त्या रात्री मात्र दुसऱ्या गावी पोचल्यावर मी त्यांच्या मागेच राहिलो. ते रंगमंचाकडे गेलेच नाहीत. आधी खुर्च्यांमधल्या एका म्हाताऱ्याच्या पाया पडले. मग गाद्यांकडे जाऊन मामेबहिणीला विचारलं, "जेवली का वो?" तिच्या पोराच्या हातात भज्यांचा पुडा दिला. कुणाच्या मुलीला पाहायला पाहुणे आले होते, त्यांच्यापाशी बसून मुलाची शेती आणि स्वभाव दोन्ही विचारून घेतले. आमच्याकडे सोयरिकी नाटकाच्या निमित्ताने जमतात, आणि अशी चौकशी करणारा माणूस लागतोच.

तीन वाजून गेले. बाई केव्हाच मरून गेली होती.

"तुम्ही कधी पाहिली तिला मरताना?" मी विचारलं.

"कुठं गा! टाइमच नाई भेटत."

परतताना म्हणाले, "त्या गावात माही बहीन देली आहे, इकडं मामेबहीन. नाटक आहे म्हनून बलावते. एकीकडं गेलो, दुसरीकडं नाई गेलो, तं ते वर्सभर म्हनते, भाऊ आलाच नाई."

पुण्या-मुंबईत नाटकाला प्रेक्षक नाही म्हणून चर्चासत्रं भरतात. इकडे एक माणूस एका रात्रीत दोन शामियाने भरतो, आणि दोन्हीकडे नाटक सोडून बाकी सगळं पाहतो. २०२० च्या दिवाळीनंतर करोनामुळे शामियाने उभे राहिले नाहीत, तेव्हा भाऊजींनी एकेका घरी फोन लावला होता. बोलायला विषय नव्हता. "जेवली का वो?" एवढंच विचारायचे आणि फोन माझ्याकडे द्यायचे.

तेव्हा तुमच्या गावी नाटक ठरलं, की जरूर कळवा. तारीख कळवाच, आणि त्याच रात्री जवळच्या कोणत्या गावात नाटक आहे तेही लिहा. एकट्या नाटकासाठी भाऊजी यायचे नाहीत.